गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीतले खरे कोण? ७ पोरांचे ड्रेस अडकलेत, मदत हवी आहे

काज_बटन

नमस्कार मंडळी, विषय पोरकट वाटेल पण काम अडकलंय म्हणून लिहितोय. मी सोलापूरचा, अशोक चौकाजवळ छोटं युनिट आहे, शाळांचे युनिफॉर्म शिवतो. जून-जुलै झाला की सीझन बसतो, मग दिवाळीनंतर गॅदरिंगचे ड्रेस घेतो, तेवढाच कारागिरांना हात. यंदा पोरीच्याच वर्गाचं काम आलं. चौथीची ७ पोरं, नाच गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीचा, म्हणजे अंतराळातल्या सुपरहीरो टीमच्या इंग्रजी पिक्चरवरचा. पिक्चर मी निम्मा बघितला होता, निम्म्यात झोप लागली, पण झाड आहे, रॅकून आहे, हिरवी बाई आहे एवढं डोक्यात होतं, म्हटलं जमतंय की.

तर वर्गाच्या बाईंनी नेटवरनं काढून 'मूळ टीम' म्हणून यादी पाठवली. व्हान्स ॲस्ट्रो, चार्ली-२७, मार्टिनेक्स, योंडू. चारच नावं, बाकीच्या तिघांना हेल्पर करा म्हणे. मीपण शहाणा, विचारायचं सोडून मार्टिनेक्सचं कटिंग करून टाकलं. चित्रात तो अंगभर काचेच्या खड्यांचा दिसतो म्हणून चकचकीत चंदेरी कापड साडेतीन मीटर आणलं, खांद्यावर फोमचे तिकोनी तुकडे चिकटवले, ते कापड मशीनवर इतकं सरकतंय की दोन सुया मोडल्या.

परवा पोरं मापाला आली आणि गोंधळ. माझी पोरगी रडायलाच लागली, पप्पा रॉकेट रॅकून कुठाय. ज्याला चार्ली-२७ करायचंय तो म्हणतो काका हा कुठल्या बसचा नंबर. योंडूवरनं तर भांडणं, एक म्हणतो तो टीमवाला नाहीच, चोरांचा म्होरक्या आहे. बाई म्हणतात यादी बरोबर आहे, पोरं म्हणतात बाईंना काय माहीत नाही. मला काही कळना झालंय. दोन्ही टीमचं नाव एकच कसं, यातली खरी कुठली, आणि कापलेल्या कापडाचं काय करू? गॅदरिंगला १२ दिवस राहिलेत.

जुना_अंक

काका, बाई पण बरोबर आणि पोरं पण बरोबर, त्यामुळं आधी शाळेत भांडू नका.

बाईंची यादी १९६९ ची आहे. त्या वर्षी जानेवारीत मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीच्या 'मार्व्हल सुपर-हीरोज' अंक १८ मध्ये ही टीम पहिल्यांदा आली, लिहिली अरनॉल्ड ड्रेकनं, चित्रं जीन कोलनची. गोष्ट ३१ व्या शतकातली. व्हान्स ॲस्ट्रो हा आपल्या काळातला अंतराळवीर, हजार वर्षं प्रवास करून पोचतो. चार्ली-२७ गुरू ग्रहावरचा धिप्पाड सैनिक, मार्टिनेक्स प्लुटोवरचा म्हणून अंग स्फटिकाचं, आणि योंडू निळ्या कातडीचा तिरंदाज. बडून नावाच्या परग्रहवाल्यांनी माणसांच्या वसाहती जिंकलेल्या असतात, त्यांच्याशी ही चौघं लढतात. नंतर स्टारहॉक, निक्की वगैरे भर पडत गेली. यात रॉकेट नाही, झाडवाला ग्रूट नाही, हिरवी गमोरा नाही, कोणीच नाही.

पोरांची टीम २००८ ची. डॅन ॲबनेट आणि अँडी लॅनिंग या दोघांनी मार्व्हलची इकडंतिकडं पडलेली अंतराळातली पात्रं गोळा केली. स्टार-लॉर्ड, रॉकेट, ग्रूट, ड्रॅक्स, गमोरा, ॲडम वॉरलॉक, फायला-व्हेल, मँटिस, असा सगळा जमाव. गंमत म्हणजे यातलं एकही पात्र नवं कोरं नव्हतं. ग्रूट १९६० मध्ये आला तेव्हा पृथ्वीवर चाल करून येणारा राक्षस होता, आणि चांगली वाक्यं बोलायचा! पिक्चर आला २०१४ ला, जेम्स गनचा, त्यानं या जमावातली वर लिहिलेली पहिली पाचच उचलली. ती पाच म्हणजे तुमची पोरं म्हणतात ती.

टपरीवरचा

'एकही पात्र नवं नव्हतं' हे बरोबर, पण पिक्चरमध्ये आल्यावर ती तीच राहिली का? कॉमिकमधला ड्रॅक्स आधी साधा माणूस असतो, मेल्यावर त्याचा आत्मा थॅनोस या खलनायकाला मारण्यासाठी बनवलेल्या शरीरात घालतात. पिक्चरमधला ड्रॅक्स जन्माचाच परग्रहावरचा, बायकापोरांचा बदला घ्यायला निघालेला. मँटिस कॉमिकमध्ये १९७३ ला ॲव्हेंजर्स या मार्व्हलच्या दुसऱ्या टीमकडं आलेली पृथ्वीवरची पोरगी, पिक्चरमध्ये डोक्यावर मिशा असलेली एलियन. नाव ठेवायचं आणि माणूस बदलायचा, ही यांची जुनी खोड आहे. माझ्या मते १९६९ वाल्यांनाच मूळ म्हणावं, बाकी सगळी नावावर चाललेली कंपनी.

दक्षिण_कसबा

कंपनी कशाला, आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या काठ्या बघा की. सिद्धरामेश्वराचे सात नंदीध्वज, पण काठी पेलणारी पोरं दरवर्षी तीच असतात का? आजोबा पेलायचे, मग बाप, आता नातू, आणि वाटेत दम लागला की दुसरा खांदा पुढं येतो. मानाची काठी तीच म्हणतात ना सगळे. २००८ च्या टीमनं नाव ढापलं नाही बे, सुरुवातीच्या अंकातच व्हान्स ॲस्ट्रो बर्फात गोठलेला सापडतो, मी गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीचा म्हणतो, आणि यांना ते नाव आवडतं म्हणून घेतात. म्हणजे पहिल्या टीमच्या माणसाच्या हातनंच आलं.

टपरीवरचा

काठीला नेम आहेत, ह्यांना कुठं नेम. २०१३ च्या मालिकेत आयर्न मॅन घुसवला होता टीममध्ये. तो काय गॅलक्सीचा?

जुना_अंक

काका, हे दोघं गड्ड्यापर्यंत भांडतील, तुम्ही कापडाचं बघा. पिक्चरवाल्यांनी जुन्या टीमला टाकून दिलेलं नाही. पहिल्या पिक्चरमध्ये योंडू रॅव्हेजर्स या अंतराळातल्या चोरांच्या टोळीचा म्होरक्या करून आणला, म्हणून तो पोरगा 'चोरांचा' म्हणतोय. २०१७ च्या दुसऱ्या भागात मार्टिनेक्स, चार्ली-२७ पण आहेत, स्टारहॉकची भूमिका सिल्व्हेस्टर स्टॅलोननं केलीय. पण योंडू हा एकच असा की जो बाईंच्या यादीत पण आहे आणि पोरांच्या पण ओळखीचा आहे. त्याला काढू नका.

माझं ऐका, पिक्चरमधले पाच घ्या, सहावा योंडू, आणि सातवा मार्टिनेक्स करा सूत्रधार. त्यानं पुढं येऊन सांगायचं, मी १९६९ चा गार्डियन, आता आमची नवी टीम बघा. बाईंची यादी पण राहिली आणि तुमचं चंदेरी कापड पण. योंडूच्या डोक्यावरचा लाल तुरा मात्र उंच करा, पहिल्या भागात बुटका होता, दुसऱ्या भागात मोठा बसवला, कॉमिकमध्ये आधीपासनं उंचच. लांबनं स्टेजवर उंचच शोभतो. आणि धनुष्य देऊ नका, पिक्चरमध्ये तो शिट्टीवर बाण फिरवतो, पोरांना तेच पाहिजे असतं.

लेकीची_आई

दादा, गमोराचा हिरवा रंग चेहऱ्याला लावणार असाल तर आदल्या दिवशी हातावर थोडा लावून बघा. आमच्या मुलीला गेल्या वर्षी पुरळ आलं होतं. गालावर दोन पट्टे आणि बाकी हिरवे हातमोजे केले तरी चालतं, कुणी मोजत नाही.

काज_बटन

सगळ्यांचे आभार, आज बाईंना फोन केला. आधी 'पण यादीत तर' म्हणाल्या, मग सूत्रधाराची आयडिया ऐकल्यावर गप्प झाल्या आणि पाच मिनिटांनी परत फोन करून म्हणाल्या मीच लिहिते ते भाषण. बसच्या नंबरवाल्याला चंदेरी ड्रेस घालून दाखवला, आता तो काढायलाच तयार नाही, आरशापुढनं हलंना. पोरगी रॉकेट होणार. गमोराच्या आईला हातमोज्यांचं सांगितलं, तिला पटलं.

टपरीवरचा, तुमचं पण पटलं, पण मला सात ड्रेसचे पैसे मिळतायत हो.

आता एकच राहिलं. रॉकेटच्या शेपटीत फोम भरला तर जड होऊन पँट खाली ओढते, नुसतं कापड ठेवलं तर लोंबते. कोणी केलीय का आधी?

लेकीची_आई

कापूस भरा, आतनं एक पातळ वायर, आणि शेपूट पँटला नाही, आतल्या बेल्टला शिवा. माझ्या मुलीला माकड केलं होतं तेव्हा पहिल्या उडीलाच पँट गेली होती.