प्रतिसाद: हंगामाचा सण उसनाच का?

वर कुणीतरी म्हटलंय की नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा (चर्चच्या सभासदांचा) हंगामाचा सण, म्हणजे पीक आल्यावर देवाचे आभार मानायचा सण, ही गोऱ्यांची नक्कल. अर्धं खरं आहे. आज चर्चमध्ये होते त्या स्वरूपाची हंगामाची उपासना इंग्लंडमध्ये रूढ झाली ती रॉबर्ट हॉकर या पाळकामुळे (धर्मगुरूमुळे), १८४३ साली, कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावात. पण मुळाशी जाल तर बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढे ठेवायची आज्ञा आहेच. शिवाय आपल्याकडे खरिपाची बाजरी खळ्यावर येते तीही साधारण या सणाच्याच दिवसांत, त्यामुळे सण परका वाटला नाही.

खरी मजा उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो त्यात. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, शेंगा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी (ती नेमकी उपदेशाच्या वेळी ओरडते). शेत नसलेली माणसं घरची पापडं, लोणचं आणतात. घेणारा पैसे भरून वस्तू पुन्हा दान करतो, तीच परत लिलावात. एकेक नारळ असा तीन-चारदा फिरतो. छोट्या चर्चला छपराच्या डागडुजीला किंवा पाळकांच्या पगाराला हा पैसा मोठा आधार असतो.

मात्र बोलीत भाऊबंदकीची चढाओढ शिरली की मला ते पटत नाही. मंडळीत नवीन आलेला, खिशात पन्नासच रुपये असलेला माणूस मागच्या बाकावर गप्प बसून राहतो. आमच्याकडे त्यासाठी काही वस्तू लिलावाबाहेर, ठरलेल्या किमतीत ठेवायला लागलेत. तुमच्याकडे कसं करतात?