उलट, मुलांना घेऊनच जा
ऑपेरा मुलांना झेपत नाही, त्यांना घरीच ठेवा, असं काहीजण म्हणतात. इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या बाबतीत तरी मला हे पटत नाही. त्याचं 'नोयेज फ्लड' हे ऑपेरा १९५८ साली सफोकमधल्या ऑर्फर्डच्या चर्चमध्ये पहिल्यांदा झालं, तेव्हा बायबलमधल्या महापुराच्या गोष्टीतल्या नोहाच्या तारवात (जहाजात) शिरणारे प्राणी म्हणजे मुलंच होती. आणि पावसाचे पहिले थेंब? दोरीला टांगलेले चहाचे मग, लाकडी चमच्याने वाजवलेले! (आम्ही घरी करून पाहिलं. एक मग फुटला.) त्याच्याच 'द लिटल स्वीप' या ऑपेरामध्ये तर प्रेक्षकांनाच चार गाणी म्हणावी लागतात. सुरुवात मात्र 'फ्रायडे आफ्टरनून्स' या त्याच्या गाण्यांच्या संग्रहापासून करा. ब्रिटनचा भाऊ मुख्याध्यापक होता त्या वेल्समधल्या शाळेसाठी त्याने ती गाणी बांधली. त्यातलं 'कुकू' दोनदा ऐकलं की पोरं आपोआप गुणगुणायला लागतात.