औषधाच्या स्टडीसाठी अहमदाबादला जाऊ का?

पेठेतला_परीक्षार्थी
वय 26, पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. मेसचे दोन महिने थकलेत. रूम पार्टनरच्या गावचा एक जण म्हणतो, अहमदाबादला औषधाची स्टडी आहे, दोनदा तीन-तीन रात्री राहायचं, बारा हजार मिळतात. नेण्याचे हजार रुपये तो आधी मागतोय. तब्येत ठणठणीत, कसलं व्यसन नाही. घरी सांगणार नाहीये. कोणी जाऊन आलंय का? किडनीबिडनीला काही होतं का?

रिकामा_रविवार
रक्त विकून अधिकारी होणार? त्यापेक्षा गावी ये, कांदे भरायला माणूस मिळत नाहीये.

नवजीवन_स्लीपर
मी 2015 ते 2018 मध्ये सहा वेळा गेलो. नंदुरबारहून नवजीवन पकडायची, डब्यात ओळखीचे दोन-तीन चेहरे हमखास असायचे.

हजार रुपये मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर. आधी तपासणी असते: रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ. मी एकदा हिमोग्लोबिनवरून बाद झालो, आल्या पावली परत. तुझंही तसं झालं तर हजार गेलेच.

बारा हजारांत बहुतेक 'बीई' असणार. म्हणजे औषध जुनंच, फक्त दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं. ते रक्तात मूळ गोळीइतकंच उतरतं का, ते बघतात. म्हणून दोन फेऱ्या, एकदा ही गोळी, एकदा ती. फेज वन वेगळं. तिथे औषध माणसाच्या अंगात पहिल्यांदाच जात असतं. 2006 साली लंडनमध्ये सहा जणांना असं एक औषध शिरेतून दिलं, दोघांमध्ये साधारण दहा-दहा मिनिटांचं अंतर ठेवून. पहिल्याला थंडी भरून येईपर्यंत सहाव्यालाही देऊन झालं होतं. सहाही जण अतिदक्षता विभागात. जीव वाचले, पण एकाची बोटं गेली. फ्रान्समध्ये 2016 ला तर एक जण दगावला. तेव्हा कुठली स्टडी आहे, हे आधी विचार.

आत काय होतं सांगतो. रात्रभर उपाशी. सकाळी हातात कॅन्युला, म्हणजे रक्त काढायला शिरेत ठेवलेली बारीक नळी. नंबरानुसार डोस, माझा 9 वाजून 6 मिनिटांनी म्हणजे 9 वाजून 6 मिनिटांनीच. गोळी गिळली की सिस्टर टॉर्च लावून जीभ वर करायला लावते, गालाच्या आत बघते, तळहात उघडायला सांगते. मग पडायचं नाही, झोपायचं नाही. पहिले दोन तास दर पंधरा-वीस मिनिटांनी रक्त. चार तास जेवण नाही. 'फेड' स्टडी असेल तर उलटं: बटर लावलेले ब्रेड, पनीर पकोडे, साईचं दूध, आणि हे सगळं अर्ध्या तासात संपवायचं! शेवटचा पकोडा उरला की समोर माणूस घड्याळ घेऊन उभा. पनीरचा वास मला अजून नको वाटतो.

गोळीनं मला एकदाच त्रास झाला, दिवसभर मळमळ. खरा धोका आपल्या थापांचा. दोन स्टडींत तीन महिने जायला हवेत. आमच्यातला एक जण वीस दिवसांत दुसऱ्या सेंटरला गेला, आधीचं लपवून. दुसऱ्या फेरीत बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला, कपाळाला चार टाके. अंगात आधीचं कुठलं औषध असेल, ते डॉक्टरांना कसं कळणार? आणि काढलेलं रक्त लगेच भरून यायला ते काही नळाचं पाणी नव्हे.

कागदावरची_बाई
मी अशाच एका ठिकाणी नोंदी ठेवायचे. वरच्यांनी सांगितलेलं बरोबर आहे, थोडी भर घालते. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं आणि त्याची प्रत तुमच्याकडे राहते. एकूण किती मिली रक्त घेणार आणि एथिक्स कमिटीशी (भाग घेणाऱ्यांची सुरक्षा आणि हक्क बघणारी समिती) संपर्क कसा साधायचा, हे त्यात शोधा. मधेच कधीही सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही. केलेल्या भागाचे पैसे मागा. स्टडीमुळेच त्रास होऊन तुम्हाला काढलं, तर पूर्ण रक्कम द्यावी, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आणि 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च तुमच्यावर नाही.

पेठेतला_परीक्षार्थी
त्याला फोन केला. फॉर्म गुजरातीत आहे म्हणाला, तिथे गेलं की वाचून दाखवतात, सही करायची. मराठी मिळेल का विचारलं तर म्हणे, एवढ्या चौकशा करायच्या तर येऊ नको.

नवजीवन_स्लीपर
मग नकोच जाऊ. सेंटरला थेट फोन केलास तर गोष्ट वेगळी, या माणसामार्फत नाही. मेसवाल्या काकूंना खरं सांगून बघ, पंधरा दिवस थांबतील.

पेठेतला_परीक्षार्थी
बरं दादा. एकच विचारतो, सुयांची खूण राहते का? म्हणजे पुढे कधी गेलोच तर आईला दिसायला नको.

नवजीवन_स्लीपर
माझ्या डाव्या कोपरात अजून बारीक ठिपके आहेत. आईला रक्तदान सांगितलंय. ती गल्लीभर कौतुकानं सांगत फिरते, आणि मी हाफ शर्ट घालत नाही.