साडेतीन महिन्यांचं पिल्लू जेवत नाही, कच्चं मांस सुरू करू का?

रानजाई
नमस्कार. आमच्याकडे साडेतीन महिन्यांची लॅब्रॅडॉर मादी आहे, चिकू. वजन ११ किलो. घरी आली तेव्हापासून खाण्याची बोंब आहे. पिल्लांचं कोरडं खाद्य वाटीत ओतलं की येते, हुंगते, दोन दाणे तोंडात घेते, त्यातला एक फरशीवर टाकते आणि चालती होते. दाणे भिजवून पाहिले, कोमट करून पाहिले, वरून उकडलेलं चिकन घातलं. चिकन तेवढं वेचून खाते. दाणे चाटूनपुसून स्वच्छ करून वाटीत तसेच ठेवते. हाताने भरवलं तर थोडं पोटात जातं. खेळायला मात्र एका पायावर तयार. शी बहुतेक वेळा बरी असते, मध्येच सैल होते. लसी वेळापत्रकाप्रमाणे चालू आहेत, शेवटचा डोस बाकी आहे.

परवा चिकन साफ करताना एक कच्चा तुकडा खाली पडला. तिने तो गट्ट केला आणि ओट्याखाली ठाण मांडून बसली. तेव्हापासून कच्च्या आहाराबद्दल वाचतेय. ८० टक्के मांस, १० टक्के हाडं, १० टक्के काळीज (यकृत) आणि इतर अवयव, असं प्रमाण सगळीकडे दिसतं. इतक्या लहान पिल्लाला कोणी हे दिलं आहे का? सुरुवात कशी करायची, हाडं कोणती द्यायची? घरात चार वर्षांचा मुलगा आहे आणि सासूबाई आहेत, म्हणून स्वच्छतेचंही सांगा. तिला असं उपाशी बघवत नाही हो.

शेपटी
आधी थोडी माहिती द्या. वजन दर आठवड्याला वाढतंय का? जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? जेवणाशिवाय दिवसभरात तिच्या तोंडात काय काय जातं? आणि तिच्या खेळण्यांवर कधी रक्ताचा पुसट डाग दिसतो का?

रानजाई
वजन वाढतंय, फार भराभर नाही पण वाढतंय. जंताचं औषध आणली त्या सुमारास दिलं होतं, त्यानंतर नाही. बसायला-थांबायला शिकवतो तेव्हा तिला खाऊ देतो, आणि मुलगा दिवसभर तिला कुत्र्यांची बिस्किटं देत असतो. रक्ताचा डाग हो, दोरीवर दिसला होता! काळजीचं आहे का?

शेपटी
नाही, दात बदलतायत. साधारण चौथ्या महिन्याच्या आगेमागे दुधाचे २८ दात पडायला लागतात आणि सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. हिरड्या हुळहुळल्या की कडक दाणे नकोसे होतात आणि मऊ मांस हवंसं वाटतं. त्या कच्च्या तुकड्याचं अर्धं आकर्षण एवढंच असू शकतं.

नदीकाठ
रानजाई, तुमची पोस्ट वाचून मला वाटतं की तुम्ही दोन प्रश्न एकत्र बांधलेत. चिकू जेवत का नाही, हा एक. कच्चा आहार चांगला का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका. जंतांमुळे भूक गेली असेल, तर कच्चं मांस ती चवीने खाईल, तुम्हाला हायसं वाटेल आणि जंत आत आरामात राहतील.

पिल्लांना जंताचं औषध एकदा देऊन भागत नाही. जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आणि दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्यातून एकदा, असा सर्वसाधारण क्रम असतो. गोल जंत तर बहुतेक पिल्लांना आईच्या पोटातूनच येतात. शीमध्ये जंत दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असं समजू नका, अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. मध्येच सैल शी होते म्हणताय, तेव्हा ताजा नमुना घेऊन दवाखान्यात जाच. शिवाय या जंतांची अंडी मातीतून माणसांच्या मुलांच्याही पोटात जातात, तुमच्या लेकासाठीही हे महत्त्वाचं आहे.

दुसरं, ती खरंच कमी खाते का, हे मोजून पाहा. वजनाचा ०.७५ वा घात काढायचा आणि त्याला ७० ने गुणायचं, की विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या कॅलरी मिळतात. ११ किलोला ते सुमारे ४२० येतं. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला याच्या साधारण तिप्पट लागतं, म्हणजे दिवसाला १२५०च्या आसपास. चार महिने उलटले की हेच दुपटीवर येतं. वाढीचा वेग मंदावतो तशी भूकही ओसरते, आणि नेमकं त्याच वेळी पिल्लू नखरे करायला लागलं असं घरच्यांना वाटतं. हा अंदाज आहे, एखादं पिल्लू कमी खाऊनही छान वाढतं. आता तुमच्या मुलाची बिस्किटं आणि शिकवतानाचा खाऊ मोजा. पाकिटावर कॅलरी छापलेल्या असतात. मला दाट शंका आहे की चिकूचं निम्मं जेवण तिथेच उरकतंय.

आणि तिच्या फासळ्यांवरून हलका हात फिरवा. बोटांना फासळ्या लागल्या पाहिजेत, पण नजरेला टोचता कामा नयेत. वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. हे सगळं ठीक असेल, तर तुमची मुलगी उपाशी नाही.

कातळ
मी माझ्या मोठ्या कुत्र्याला बरीच वर्षं कच्चं देतोय आणि त्यावर माझा विश्वास आहे. तरीही सांगतो, ८०-१०-१० घेऊन पिल्लाकडे जाऊ नका. ते प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे म्हणून पसरलं. त्यात पिल्लाची गरज भागते का, हे त्यातून कळत नाही. जस्त, मँगनीज, आयोडीन, ड जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्व नुसत्या मांस-हाड-काळजातून हमखास कमी पडतात. उलट काळीज जास्त झालं तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो, म्हणून ते पाच टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

लॅब्रॅडॉर मोठ्या चणीची जात आहे, तिथे चूक महागात पडते. पुढे कधी कच्च्याकडे वळायचंच असेल, तर पशुआहारतज्ज्ञाकडून तिच्या वजनाप्रमाणे पाककृती लिहून घ्या आणि दर महिन्याला सुधारून घ्या. नाहीतर तयार कच्चं खाद्य घ्या, पण पाकिटावर ‘वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहार’ असं हवं आणि मोठ्या जातींच्या पिल्लांचा स्पष्ट उल्लेख हवा. नुसतं ‘पूरक’ लिहिलेलं पाकीट रोजच्या जेवणाला चालत नाही. माझं स्वतःचं मत, दात आणि लसी पूर्ण होईपर्यंत थांबा.

दवाखाना_डायरी
मी पशुवैद्यक आहे, म्हणून कॅल्शियमचं जरा विस्ताराने लिहिते. ‘मांस आवडीने खातेय, मग खाऊ दे’ इथून सुरू झालेली पिल्लं लंगडत आमच्याकडे येतात, ते बघायला फार वाईट वाटतं.

बिनहाडाच्या १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. वाढत्या पिल्लाला दर १००० कॅलरींमागे सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने, फार तर दुप्पट असावं लागतं. नदीकाठ यांचा हिशोब धरला तर चिकूला दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर कॅल्शियम हवं. चिकूला किलोभर चिकन चारलं, तर मिळेल ०.१ ग्रॅम! मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते ओढून घेतं. हाडं पातळ होतात, पाय वाकतात, सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. बाहेरून पिल्लू गुटगुटीत दिसतं, कारण प्रथिनं भरपूर मिळत असतात.

लगेच कॅल्शियमची पावडर आणू नका. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, आलं तेवढं बरंच शोषून घेतं. मोठ्या जातींत त्यामुळे सांधे आणि हाडांची वाढ बिघडते. म्हणून या जातींच्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमला वरचीही मर्यादा असते, कोरड्या वजनाच्या १.८ टक्के. चमच्याच्या अंदाजाने हे साधत नाही.

आता जंतूंचं. कच्च्या मांसात सालमोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया असू शकतात. फ्रीजरमध्ये ठेवल्याने हे जीवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. कुत्र्याचं पोट पचवतं, असं म्हणतात. मोठं कुत्रं आजारी पडलं नाही तरी त्याच्या शीतून सालमोनेला बाहेर पडत राहतो, आणि तेच कुत्रं मुलाचं तोंड चाटतं. पाच वर्षांखालची मुलं, वयस्कर माणसं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं ज्या घरात आहेत, तिथे मी कच्च्याला सरळ नाही म्हणते. तुमच्या घरात यातले दोघं आहेत. चिकूच्या लसीही पूर्ण व्हायच्यात.

हाडांबद्दल एकच. शिजवलेली मुळीच नको, त्यांचे टोकदार तुकडे होतात. कच्चीही दात मोडतात आणि आतड्यात अडकतात.

आणि धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: पिल्लू जेवत नाही आणि सोबत उलट्या, जुलाब, शीमध्ये रक्त किंवा मलूलपणा असेल, तर आहाराची चर्चा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा आजार असाच सुरू होतो. अगदी छोट्या जातींच्या पिल्लांनी तर काही तास जरी खाल्लं नाही, तरी रक्तातली साखर उतरून ती कोसळू शकतात.

पाऊलवाट
जेवायची शिस्त लावा, कोणत्याही खाद्याला हीच लागते. दिवसातून तीन-चार ठरलेल्या वेळा. वाटी ठेवायची, तिच्याकडे बघत बसायचं नाही, ‘खा गं बाई’ करायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचलायची, रिकामी असो वा भरलेली. पुढच्या वेळेपर्यंत काही नाही, पाणी सोडून. हाताने भरवणं बंद. पिल्लं फार चटकन शिकतात की तोंड फिरवलं की काहीतरी चविष्ट येतं. फक्त तब्येत ठीक आहे हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच हे करा, आजारी जिवाला शिस्त लावायची नसते.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. शी तपासून घेतली, गोल जंतांची अंडी निघाली. औषध सुरू केलंय, पुढच्या डोसांच्या तारखा भिंतीवर लावल्यात. बिस्किटांचा डबा वर ठेवला. मुलाला सांगितलंय की चिकूच्या वाटीतलेच दाणे मोजून घ्यायचे आणि तेच बक्षीस म्हणून द्यायचे, त्यालाही ते आवडलंय. कच्च्याचा विचार सोडला. भूक थोडी उघडल्यासारखी वाटतेय, पण दाण्यांचं प्रेम अजून नाही. उकडलेलं चिकन थोडं चालू ठेवू का? किती आणि कसं? ती नुसतं चिकनच वेचते ना.

दवाखाना_डायरी
जंत सापडले हे फार बरं झालं. चिकन चालेल. संपूर्ण आहारावर वरून जे काही घालाल ते एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे मूळ खाद्याचा तोल ढळत नाही. चिकूसाठी सगळा खाऊ मिळून १२५ कॅलरी झाल्या. बिनकातडीचं उकडलेलं चिकन साधारण ७५ ग्रॅम, तेही तीन-चार जेवणांत विभागून आणि त्या दिवशी दुसरा खाऊ नाही असं धरून. चिकन नीट शिजवा, आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस गाठलं पाहिजे. मीठ नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने कुत्र्यांच्या तांबड्या पेशी फुटतात.

वेचून खाण्यावर उपाय असा. चिकन तुकड्यांत घालू नका. त्याच्या कोमट पाण्यात दाणे मऊ होईपर्यंत भिजवा, चिकन अगदी बारीक कुस्करा आणि सगळं एकजीव कालवा, म्हणजे वेगळं काढायला काही उरत नाही. हिरड्यांनाही मऊ बरं वाटेल. भिजवलेलं उरलं तर टाकून द्या, पुढच्या जेवणाला ठेवू नका. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा. सलग दोन आठवडे वजन वाढलं नाही तर मात्र पुन्हा दाखवा, तेव्हा रक्त आणि यकृत तपासावं लागेल.

रानजाई
कळलं. आज रात्रीपासून असंच कालवून देते. वजनाचे आकडे इथेच लिहीन.