मदत हवी आहे: कमी ऐकू येणाऱ्या बाबांसोबत बघण्यासारखे सिनेमे सुचवा

माणदेशी

नमस्कार मंडळी. बाबा ७८ वर्षांचे आहेत. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, आणि जुन्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. त्यामुळे असेल, डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा निम्मा. कानाचं मशीन आहे, पण टीव्हीपुढे बसले की काढून खिशात घालतात. त्यात म्हणे माणूस आणि मिक्सर एकसारखाच वाजतो.

दिवाळीपासून ते आमच्याकडे पुण्यात आहेत. रात्री जेवणं उरकली की बाबा, मी आणि नववीतला मुलगा मिळून सिनेमा लावतो. दर पाच मिनिटांनी बाबा विचारतात, 'काय म्हणला त्यो?' मुलगा दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा मोबाईल काढतो. आवाज वाढवला तर गाण्याला भिंती हादरतात आणि बोलणं तरी पुटपुटल्यासारखंच. खालच्या काकू एकदा वर येऊन गेल्या.

आत्तापर्यंत काय काय बघितलं ते सांगते, म्हणजे अंदाज येईल.

'वाळवी' मला भयंकर आवडला, मुलालाही. बाबांना शून्य कळला. सगळे भराभर, एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात आणि सगळी गंमत त्या बोलण्यातच. अर्ध्यापर्यंत बाबा 'ह्यास्नी नक्की कुणाला मारायचंय?' एवढंच विचारत होते. (तसं बघितलं तर प्रश्न बरोबरच होता.)

'किल्ला'मध्ये बोलणं कमी, हळू, त्यावर कोकणातला पाऊस. काही वाक्यं मलाही कळली नाहीत. पण बदलीची नोकरी करणारी आई आणि नव्या गावात एकटं पडलेलं पोरगं, हे बाबांना नुसत्या चेहऱ्यांवरून समजलं. तक्रार नाही.

'कोर्ट' लावताना धास्ती होती. कॅमेरा एका जागी ठाण मांडून, वकीलबाई सपाट आवाजात कलमं वाचतायत, कुणीही टेबल आपटत नाही. मुलगा झोपला. बाबा मात्र ताठ बसून शेवटपर्यंत. अपघाताच्या एका केसमध्ये साक्षीदार म्हणून त्यांनी सात वर्षं तारखा केल्यात. म्हणाले, 'ऐकू येऊन तरी काय, तिथं बसल्यालाबी कळत नाही.'

आणि 'कुंकू'! १९३७ चा, प्रभातचा. हा त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत न विचारता बघितला. असं कसं, म्हणून मी विचार करत बसले तेव्हा लक्षात आलं की ह्यात पार्श्वसंगीतच नाही. शांतारामबापूंनी ते ठरवूनच वगळलं होतं. घड्याळाचे ठोके, घरातले आवाज, आणि गाणी आली तर तीही कुणीतरी खरंच गातंय किंवा वाजवतंय म्हणून. त्यामुळे बोलण्यावर काहीच चढून बसत नाही. फसवून लावलेलं लग्न न मानणारी शांता आपटे बघून मुलगाही सावरून बसला. नव्वदीला टेकलेल्या सिनेमात इतकी हट्टी मुलगी असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

तर मराठी-हिंदी सिनेमे सुचवा, ज्यात बोलणं स्वच्छ आहे किंवा बोलण्यावाचून अडत नाही. नुसते जुने नकोत, नाहीतर मुलगा पळेल. सबटायटल्सचं म्हणाल तर आम्हाला मराठी सिनेमांना बहुतेक ठिकाणी इंग्रजीच सापडतात, आणि बाबांना इंग्रजी वाचता येत नाही.

सोलापुरी चादर

'सामना' लावा, डोळे झाकून. डॉ. लागू आणि निळूभाऊ. निळूभाऊंचा साखर कारखानदार हिंदुराव कुठे आवाज चढवत नाही, तरी अक्षर न् अक्षर पोचतं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू गेलं पाहिजे ही सवय त्या पिढीच्या अंगातच होती. मागच्या आठवड्यात परत बघितला. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा त्यातला प्रश्न अजून तसाच टोचतो. त्यानंतर 'सिंहासन', पण त्यात पात्रं फार आहेत, मुलाला आधी कोण कुणाच्या गटात ते सांगून ठेवा.

'साबर बोंडा' मात्र बाबांसोबत नको. मला फार आवडला, अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात २०२५ मध्ये मोठं बक्षीस मिळालं ते योग्यच. पण सगळं कुजबुजीत, लांबच लांब शांत दृश्यं, आणि गोष्ट वडील गेल्यानंतरच्या दहा दिवसांची. एकट्याने बघा.

नुसताच वाचक

साउथचे डब केलेले लावा की. मारामारीला कान लागत नाहीत.

माणदेशी

@नुसताच वाचक, लावून बघितला एक. हिरोने ट्रक हवेत उडवून परत चार चाकांवर उतरवला तेव्हा बाबा उठून झोपायला गेले. ३१ वर्षांचा धंदा आहे हो त्यांचा.

तिसरी घंटा

ताई, साउंडचं काम करतो म्हणून सांगतो, दोष कानांचा अर्धाच आहे. हल्लीचा सिनेमा थिएटरसाठी मिक्स होतो. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक बासचा, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला, संगीत आणि बाकीचे आवाज आजूबाजूला. तुमच्या टीव्हीला मधला स्पीकर नाहीच. दोन बारीक स्पीकर, तेही बहुतेक टीव्हींत खाली तोंड करून बसवलेले. सगळं त्यातच कोंबलं की संवाद दबतो. आवाज वाढवला तर गाणंही तेवढंच वाढतं, म्हणून खालच्या काकू वर येतात. जुने सिनेमे मोनो असायचे, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने, संवाद पुढे ठेवूनच मिक्स केलेले, त्यामुळे फार बिघडत नाही.

आधी फुकटचे उपाय. ॲपमध्ये ऑडिओचा पर्याय असेल तर ५.१ ऐवजी स्टीरिओ (दोन स्पीकरांसाठीचा) निवडा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'स्पीच' किंवा 'क्लिअर व्हॉइस' असं काहीतरी असतं, ते चालू करा. 'नाईट मोड' असेल तर तोही, त्यात मोठे आवाज दाबले जातात. 'सराउंड' आणि 'बास' बंद. ह्याने भागलं नाही तरच साउंडबार, आणि घ्यायचाच तर ३.१ घ्या, त्यात मधला स्पीकर वेगळा असतो. २.१ घेऊन नुसता धडधडाट वाढेल.

आणि मशीन ब्लूटूथवालं आहे का बघा. काही कंपन्या टीव्हीला जोडायची छोटी डबी देतात, आवाज थेट कानात जातो. तुम्ही तुमच्या आवाजावर, ते त्यांच्या. मात्र डबी त्याच कंपनीची लागते, ऑडिओलॉजिस्टला विचारूनच घ्या.

ढोलकीवाला

नव्यांपैकी 'बाईपण भारी देवा' चालेल का? बायका मोकळ्या गळ्याने भांडतात, आमच्या सासूबाईंना सगळं ऐकू आलं. सिनेमा म्हणून मला थोडा लांबलेला वाटला, पण मंगळागौर येते तेव्हा घरातलं कुणी उठलं नाही. 'एलिझाबेथ एकादशी' तर नक्कीच, लहान पोरं ओरडूनच बोलतात.

बाबा माणदेशातले ना? मग 'दो आँखें बारह हाथ' झालाय का?

माणदेशी

@ढोलकीवाला, तो बाबांचा पाठ आहे! औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची उघडी वसाहत केली, त्यावरून तो सुचला, आणि लिहिला गदिमांनी, म्हणजे आमच्या शेटफळ्याच्या माणसाने. लागला की निम्मा वेळ बाबाच बोलत असतात, सिनेमा आम्हाला ऐकू येत नाही.

उंबराचं फूल

इतके प्रतिसाद झाले आणि 'पुष्पक' कुणाला आठवला नाही? १९८७, कमल हासन, अख्ख्या सिनेमात एक संवाद नाही. बेकार तरुण दारू पिऊन पडलेल्या श्रीमंत माणसाला खोलीवर डांबतो आणि त्याच्या जागी हॉटेलात जाऊन राहतो. पुढचं सांगत नाही, फक्त बर्फाच्या सुऱ्यावर लक्ष ठेवा. घरातले सगळे एका पातळीवर, कुणी कुणाला विचारायचं नाही.

नुसताच वाचक

माझा मारामारीचा सल्ला मागे घेतो. सबटायटल्सबद्दल एक: माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये थिएटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कॅप्शन द्यावीत म्हणून. आमच्या गावच्या थिएटरात अजून मागच्या रांगेचे पंखेही चालत नाहीत, पण पुण्यात विचारून बघा.

माणदेशी

सगळ्यांचे आभार. हिशेब देते.

स्टीरिओ आणि क्लिअर व्हॉइस दोन्ही केलं. फरक आहे. आवाज आधी ४५ वर असायचा, आता ३० वर भागतं. मशीन ब्लूटूथवालं निघालं, डबीची चौकशी चालू आहे. 'सामना' झाला. मुलाला कंटाळा येईल वाटलं होतं, पण त्यानेच दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलं की साखर कारखाना एका माणसाचा कसा काय असतो. बाबांनी ते समजावण्यात भाकरी गार केली.

रविवारी 'पुष्पक' लावला. पहिली दहा मिनिटं मुलगा रिमोट घेऊन आवाज तपासत बसला, त्याला वाटलं टीव्ही बिघडला. नंतर मीच चुकले, स्वयंपाकघरात दूध बघायला गेले आणि परत येईपर्यंत त्या कोंडलेल्या माणसाच्या डब्याचं काहीतरी झालं होतं. दोघं पोट धरून हसतायत. मी विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, 'गप बस, बघू दे.'

मुलाला असे अजून हवेत. चॅप्लिन सोडून सांगा, 'मॉडर्न टाइम्स' आणि 'सिटी लाइट्स' दोन्ही काल-परवा झाले.