लस पूर्ण व्हायच्या आधी पिल्लाला जग कसं दाखवलंत?

आमच्याकडे परवा १० आठवड्यांचं पिल्लू आलंय. देशी, मादी, काळीभोर, डाव्या पंजावर पांढरा मोजा. नाव अजून ठरायचंय. सध्या 'ए' म्हटलं तरी येते. पहिली लस झालीय, दुसरी पुढच्या आठवड्यात. डॉक्टरांनी सांगितलंय की १६ आठवड्यांची होऊन शेवटचा डोस पडेपर्यंत रस्त्यावर उतरवायचं नाही.

शेरूच्या वेळी, २०११ साली, आम्ही हा सल्ला तंतोतंत पाळला होता. जरा जास्तच. साडेचार महिने तो दाराबाहेर गेला नाही. मी, नवरा, सासूबाई आणि पोळ्यावाल्या मावशी, एवढीच त्याची दुनिया. पुढची १२ वर्षं तो छत्रीला घाबरला, हेल्मेटला घाबरला, लहान मुलं दिसली की भुंकला. दाढीवाल्या मेव्हण्यांना तर त्याने शेवटपर्यंत घरात धड बसू दिलं नाही. स्वभावाने गरीब होता बिचारा. या गोष्टी त्याने वेळेवर पाहिल्याच नव्हत्या.

नंतर कळलं की पिल्लाचं मन नव्या गोष्टींना मोकळं असतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. म्हणजे लसी संपतात तोवर ते दार जवळजवळ मिटलेलं असतं! हा हिशेब तुम्ही कसा जुळवलात? काय केलंत, काय फसलं, दोन्ही लिहा. फसलेलं जरा जास्त लिहा.

डोंबिवलीहून

झोळी. एका शब्दात उत्तर. नातवाची जुनी झोळी माळ्यावर पडून होती, ती धुऊन घेतली आणि बंड्याला (लॅब, तेव्हा ९ आठवडे) त्यात घालून रोज संध्याकाळी निघायचो. मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे पहिला मुक्काम अर्थातच स्टेशनचा पूल. गर्दीची वेळ टाळून, पुलाच्या टोकाला, पाच मिनिटं. खालून फास्ट लोकल गेली की बंड्या झोळीत डोकं घालायचा. मी काही बोलायचो नाही, चुचकारायचो नाही. डोकं वर आलं की उकडलेल्या चिकनचा चिमूटभर तुकडा. चौथ्या दिवशी गाडी आली की तोच माझ्या खिशाकडे बघायला लागला.

मग रसवंतीची घुंगरं, भाजीवाल्याची आरोळी, मशिदीचा भोंगा, शाळा सुटल्याचा कल्ला. एकूण पंधरा-वीस मिनिटं, मग घरी. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत आणि दुसऱ्या कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नाही, एवढे दोनच नियम.

मुलं "काका, हात लावू?" म्हणत यायची. त्यांना मी आमच्या इमारतीच्या नळावर साबणाने हात धुवायला लावायचो. सॅनिटायझर चोळून पार्वोचा (पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणाऱ्या जीवघेण्या रोगाचा) विषाणू मरत नाही, हे तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि चपला दाराबाहेर, अगदी पाहुण्यांच्यासुद्धा. आपल्याकडे ती रीत आहेच, म्हणून कुणाला वाईट वाटत नाही.

नाशिकहून

मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, आठ वर्षं झाली. रोज तेच तेच सांगावं लागतं म्हणून इथे एकदाच लिहिते.

तीन-तीन डोस कशाला, हा सगळ्यांचा प्रश्न. पिल्लाला पहिल्या दिवशी आईच्या चिकातून संरक्षण मिळतं. ते रक्तात असेपर्यंत लस टोचली तरी ते लसीलाच निकामी करतं. आणि ते कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. कुणाचं ८ आठवड्यांत, कुणाचं १४ आठवड्यांत. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने टोचत जायचं आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर. मधल्या काळात आईचं संपलंय आणि लसीचं लागलेलं नाही असे काही दिवस येतात. धोका तिथे असतो, आणि ते दिवस नेमके कोणते हे वरून दिसत नाही.

तरी कोंडून ठेवा असं आमचे डॉक्टर म्हणत नाहीत. अमेरिकेतली प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांची संस्था आहे, तिने २००८ मध्येच सांगितलं होतं की पहिली लस आणि जंताचं औषध झाल्यावर किमान ७ दिवसांनी, म्हणजे ७-८ आठवड्यांच्या पिल्लालाही स्वच्छ जागेत, निरोगी पिल्लांबरोबर वर्गात न्यायला हरकत नाही.

माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे. लोक पिल्लाला बागेत नेत नाहीत, पण दवाखान्यात आले की खाली सोडतात! अहो, आजारी कुत्री येतात कुठे? इथेच ना? नंबर येईपर्यंत रिक्षात बसा, नाहीतर मांडीवर घ्या. वजनकाट्यावर घरून आणलेला टॉवेल घाला. आणि घरी फिनाईलवर भरवसा ठेवू नका, पार्वोला ते पुरत नाही. एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी, आधी घाण पुसून मग हे लावायचं, १० मिनिटं ओलं राहू द्यायचं, नंतर साध्या पाण्याने पुसायचं. फिनाईल आणि ब्लीच एकत्र मिसळू नका, कृपा करून.

नागपूरहून

वरचं वाचत होतो आणि लिहावं की नाही कळत नव्हतं. माझं पिल्लू पार्वोने गेलं. साडेनऊ आठवड्यांची होती.

पहिली लस झाली, मला वाटलं झालं काम. कॉलनीतल्या मैदानात नेलं, हिवाळ्याचं ऊन होतं, गवतात लोळली. पाच दिवसांनी खाणं सोडलं. त्याच रात्री उलट्या, सकाळी रक्ताचे जुलाब. तो वास मी विसरू शकत नाही. चार दिवस सलाईन लावलं, मी तिथेच बाकावर झोपत होतो. पाचव्या दिवशी पहाटे गेली.

त्या मैदानात आजारी कुत्रं मला दिसलं नव्हतं. दिसायची गरजच नसते. विष्ठा वाहून जाते, विषाणू मातीत महिनोन् महिने राहतो. नंतर समजलं.

"आम्ही नेलं, काही झालं नाही" असं कुणी लिहिलं की मला राग येतो, खरं सांगतो. झोळीवाल्या काकांवर नाही. त्यांनी पाय टेकवलेच नाहीत. पुढचं कुत्रं आम्ही वर्षभराने आणलं, तेही सगळे डोस झालेलं, मोठं. तिची गादी, भांडी, खेळणी सगळं टाकून दिलं होतं. पट्टा तेवढा ठेवलाय, बंद डब्यात.

*(धागाकर्ती: तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. आज संध्याकाळी मी हिला खाली मातीत सोडणार होते, फक्त दोन मिनिटं, असं ठरवून. नाही सोडलं.)*

पुण्याहून

फसलेलं जास्त लिहा म्हणालात, घ्या.

मला कुणीतरी सांगितलं, पिल्लाला लवकर 'सोशल' करा. मी त्याचा अर्थ लावला गर्दीत न्या. ११ आठवड्यांच्या टायगरला कडेवर घेऊन ढोल-ताशांच्या सरावाला गेलो, नदीकाठी. पाय जमिनीला लागले नाहीत, म्हणजे सुरक्षितच की! साठ-सत्तर ढोल, मी दहा फुटांवर उभा. त्याने जांभया दिल्या, ओठ चाटले, मग माझ्या काखेत तोंड खुपसलं. मी बायकोला म्हटलं, बघ, झोप आली त्याला.

ती झोप नव्हती. घाबरलेलं पिल्लू जांभया देतं, ओठ चाटतं, नजर फिरवतं, शेपूट पोटाखाली घेतं. हे मला दोन महिन्यांनी कळलं. तोवर शेजारच्यांनी गादी झटकली तरी तो पलंगाखाली जात होता. गणपतीच्या दहा दिवसांबद्दल न बोललेलं बरं.

नीट करायला आठ महिने गेले. मोबाइलवर ढोलाचा आवाज, इतका बारीक की मलाही कान द्यावा लागे. तो आतल्या खोलीत आणि टायगरचं जेवण बाहेरच्या खोलीत. जेवायचा थांबला की आवाज कमी. आठवड्याला एक रेघ वाढवायची. दिवाळीत आजही बाथरूममध्ये बसतो, पण जेवतो.

शिरोळ तालुक्यातून, वस्तीवरून

शहरातल्यांचं वाचून गंमत वाटली. आमची कारवानी जातीची पिल्लं म्हशीच्या पायात वाढतात. ट्रॅक्टर, ऊसतोडीची माणसं, शेळ्या, वावटळ, कशाचं काय वाटत नाही त्यांना. सोशल करा म्हणून सांगायला लागत नाही.

पण खरं तेही सांगतो. सात झाली तर दोन-तीन जायचीच. वडील म्हणायचे, हगवण लागली. कुणी विचार केला नाही ती कसली. आता मी सगळ्यांना लस देतो, डॉक्टरला वस्तीवर बोलावतो. पहिले तीन महिने पिल्लं गोठ्याशेजारी पत्र्याच्या आडोशात. तिथनं त्यांना सगळं दिसतं, ऐकू येतं, घरची माणसं आणि आमची थोरली कुत्री आत येतात. परकं कुत्रं मात्र आवारात शिरू देत नाही. पिसाळलेलं एक आलं होतं मागं. ज्यांना चावलं त्या सगळ्यांना साबणानं पंधरा मिनिटं जखमा धुवायला लावून तडक सरकारी दवाखान्यात नेलं, सगळे वाचले.

रत्नागिरीहून

आमच्याकडे पार्वोइतकीच भीती लेप्टोची, पावसाळ्यात. उंदरांचं मूत साचलेल्या पाण्यात मिसळतं. डबकं दिसलं की पिल्लाला उचलायचं, एवढंच. छत्र्या-रेनकोट घरातच दाखवले. आजीचं जुनं इरलंसुद्धा पडवीत पालथं घातलं, महाराज त्याखाली जाऊन झोपले.

म्युनिकहून

इथे पिल्लांच्या वर्गाला नेलं तेव्हा ठाण्याच्या आत्याने फोनवर विचारलं, "शाळा? फी किती? डबा देतेस का?"

डबा द्यावा लागतो, खाऊचा. हॉलमध्ये रबरी गाद्या, प्रत्येक वर्गाआधी पुसलेल्या. लसीचं पुस्तक दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. मला वाटलं होतं सगळी पिल्लं धुडगूस घालतील. तसं नाहीच. दोन-तीन मिनिटं खेळ, मग बाई थांबवतात, प्रत्येकाने आपल्या पिल्लाला परत बोलवायचं. उरलेला वेळ परातीसारख्या पत्र्यावरून चालणं, चाकाच्या खुर्चीतल्या आजोबांना लांबून बघणं, आणि चक्क काहीही न करता बसणं. इतर कुत्र्यांकडे दुर्लक्ष करायला शिकवणं हाच अर्धा अभ्यास. मला तेच सगळ्यात उपयोगी पडलं, भुयारी रेल्वेत.

ठाण्याहून

प्रश्न आहे. आमच्या गेटवरच्या कुत्र्यांच्या कानाला खाच आहे, म्हणजे लस झालेली ना? पिल्लाला त्यांच्याशी खेळू देऊ का?

नाशिकहून (पुन्हा मीच)

कानाची खाच म्हणजे नसबंदी झालीय आणि त्या वेळी रेबीजची लस दिलीय. पार्वो किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांचा असाच दुसरा जीवघेणा रोग) याबद्दल ती काहीच सांगत नाही. आणि रेबीजचा डोसही दरवर्षी पुन्हा मिळाला की नाही, कोण बघतं? शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे थांबा. तोवर ओळखीच्या घरातलं, लसी पूर्ण झालेलं, शांत मोठं कुत्रं असेल तर त्याला घरी चहाला बोलवा. दंगेखोर नको. एकच, पण समंजस.

धागाकर्ती

सगळं दोनदा वाचलं. काल डोंबिवलीच्या काकांप्रमाणे साडीची झोळी बांधून हिला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत नेलं. कोळशाची इस्त्री आदळली की दचकायची, तिसऱ्यांदा नुसते कान हलले. घरात सासूबाईंनी परात पालथी घालून त्यावर चुरमुरे ठेवलेत. हेल्मेट रोज दिवाणखान्यात पडलेलं असतं, त्यात कधी खाऊ असतो, कधी नसतो.

आज मेव्हणे आले होते. दाढीसकट. त्यांना सांगितलं, वाकायचं नाही, हात पुढे करायचा नाही, जमिनीवर बसून पेपर वाचायचा. अकरा मिनिटं तिने सोफ्याच्या आडून पाहिलं. मग जाऊन पेपरचा क्रीडा पानाचा कोपरा फाडला आणि त्यांच्या मांडीवर बसून खाल्ला.

नाव काजळ ठरलंय.