मदत हवी आहे: मडच्या सेन्सरचे आकडे हातच्या चाचणीशी जुळत नाहीत

नमस्कार मंडळी. सक्शन टाकीतून (जिथून पंप मड उचलतो) छोटा पंप लावून काढलेल्या बायपास लाइनवर आम्ही कोरिओलिस मीटर (घनता मोजणारा) आणि इनलाइन व्हिस्कोमीटर (चिकटपणा मोजणारा) बसवले आहेत. मड म्हणजे ड्रिलिंगचा द्रव; आमचं बेंटोनाइट (एक प्रकारची माती) आणि पॉलिमरचं, पाण्यावर आधारित.

घनतेचं कोडं असं: सेन्सर १.१८ दाखवतो, साधा मड बॅलन्स (घनता मोजायचा हातचा तराजू) १.१९ आणि दाबाखालचा बॅलन्स १.२२. म्हणजे मडमध्ये हवेचे बुडबुडे अडकले असणार, कारण दाब दिला की ते आक्रसतात आणि खरी घनता कळते. मग सेन्सर जास्त दाबाच्या जागी हलवावा, की आधी डिगॅसर (मडमधला वायू काढणारं यंत्र) आणि टाकीतला अॅजिटेटर (ढवळणी) बघावा? मीटरच्या नळ्या उभ्या ठेवल्या तर फरक पडतो का? आमच्या आडव्या आहेत, जागाच तेवढी होती.

चिकटपणाचं प्रकरण जास्त किचकट आहे. फिरत्या व्हिस्कोमीटरवर हाताने ६०० आणि ३०० आरपीएमची रीडिंग घेऊन वजाबाकी केली की प्लास्टिक व्हिस्कॉसिटी मिळते, पण ती आम्ही ४९ अंश सेल्सिअसला तापवलेल्या कपात घेतो. लाइनमधलं मड दिवसभरात ३५ ते ५५ अंशांत फिरतं. तापमानाची दुरुस्ती तुम्ही कशी करता? स्वतःच्या मडचा वेगळा आलेख काढता, की सॉफ्टवेअरमधल्या तयार सूत्रावर विसंबता? माझा त्या सूत्रावर फारसा विश्वास नाही. पॉलिमरचा डोस बदलला की ते चुकतंच.

मार्श फनेलचे सेकंद (ठरावीक मड नरसाळ्यातून वाहायला लागणारा वेळ) सेन्सरशी जुळवून बघा, हा सल्ला कृपया नको. तो एकच आकडा आहे, त्यातून यील्ड पॉइंट (मड वाहू लागायला लागणारा ताण) वेगळा निघत नाही.

आणखी एक, प्रोबवर बसणारा बेंटोनाइटचा थर किती दिवसांनी धुता?